अहमदाबाद येथील वसतिगृहे : स्थापत्य आणि जतन

शिक्षणसंस्थेच्या वास्तूंमध्ये वसतिगृहाला दुय्यम स्थान देण्याचा प्रघात जुना आहे. ग्रंथालय, सभागृह व वर्ग यांच्या आखणीवर पुष्कळ विचार खर्च होतो. वसतिगृह म्हणजे मात्र लांब बोळाच्या दुतर्फा मांडलेल्या खोल्यांची रांग, एवढेच बहुधा गृहीत धरलेले असते. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची जुनी वसतिगृहे या प्रघातास ठळक अपवाद होत.

ही संस्था १९६१ साली स्थापन झाली. विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांचा तिच्या उभारणीत पुढाकार होता. बाळकृष्ण दोशी यांच्या सूचनेवरून १९६२ मध्ये लुई कान या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाकडे आराखड्याचे काम सोपविण्यात आले. प्रत्यक्ष बांधकामाच्या काळात दोशी व पुढे अनंत राजे यांनी त्यांना साहाय्य केले. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतत असताना न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकात कान यांचे निधन झाले.

वसतिगृहांचे एकंदर अठरा गट मुख्य इमारतीच्या अंगाने तिरप्या रेषांत मांडलेले आहेत. प्रत्येक मजल्यावर सुमारे दहा खोल्या असून त्या जिना आणि चहापानाचा सामायिक कक्ष यांच्याभोवती येतात. बोळ हा प्रकार येथे जवळजवळ नाहीच. खोलीबाहेर पडणारा विद्यार्थी निव्वळ वाटेवर येत नाही, तर बसण्याबोलण्याच्या जागेत येतो. या योजनेमागे शिक्षणाविषयीची एक निश्चित धारणा आहे. संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने अंगीकारलेली अध्यापनपद्धती प्रत्यक्ष व्यवहारातील प्रसंगांच्या चर्चेवर आधारलेली आहे. अशी चर्चा वर्गाची घंटा झाली म्हणून संपत नाही. तिला वर्गाबाहेरही स्थान लागते. ते स्थान कान यांनी वसतिगृहात निर्माण केले. वसतिगृह हा येथे विद्यालयाचाच एक भाग ठरतो, तो या अर्थाने.

हीच मांडणी हवामानाचाही विचार करते. नैर्ऋत्येकडून येणारा वारा खोल्यांतून आरपार वाहावा, अशी गटांची दिशा ठरविलेली आहे. जिना, स्वच्छतागृहे आणि सामायिक कक्ष यांच्या योगे खोल्यांवर प्रखर ऊन येत नाही. पण वाऱ्याची वाटही अडत नाही. भिंतींतील मोठी वर्तुळाकार व कमानदार विवरे सावलीच्या खोल जागांत उघडत असल्याने प्रकाश आत येताना सौम्य होतो.

या विवरांची रचना विटेच्या गुणधर्मांतून सिद्ध झाली आहे. वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसू शकत नाही. म्हणून विटेने विवर झाकावयाचे तर कमान हाच स्वाभाविक उपाय होय. परंतु कमान जितकी पसरट, तितका तिचा बाजूंस बसणारा रेटा अधिक. हा रेटा पेलण्यासाठी एरवी जाड भिंती घालाव्या लागतात. कान यांनी कमानीची दोन्ही टोके सलोह काँक्रीटच्या तुळईने बांधून टाकली. दाब विटेकडे आणि ताण तुळईकडे, अशी ही श्रमविभागणी भिंतीवर उघड दिसते. वर्तुळाकार विवरात वरचा अर्धा भाग कमानीचे, तर खालचा अर्धा भाग उलट्या कमानीचे काम करून भार खालच्या भिंतीत पसरवितो. भिंतींस गिलावा नसल्यामुळे रचना आणि रूप यांत अंतरच उरत नाही.

तथापि, जेथे सौंदर्य तेथेच दौर्बल्यही आहे. उघड्या विटेत पाणी मुरते. बांधकामातील लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालची वीट फोडते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानेही या इमारतींची हानी केली. पुढे मुंबईच्या सोमाया अँड कलप्पा या संस्थेने ग्रंथालयाचे व एका वसतिगृहाचे पुनरुज्जीवन केले. ग्रंथालयाच्या कामास २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-जतन पुरस्कार लाभला. असे असता डिसेंबर २०२० मध्ये अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा मनोदय जाहीर झाला. देशोदेशींच्या वास्तुशिल्पज्ञांनी विरोध केल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने सुरक्षिततेचे कारण देऊन पुनर्बांधणीचा मार्ग पुन्हा पुढे मांडला.

वास्तू राहती असेल तर तीत राहणाऱ्यांची सुरक्षितता गौण मानता येणार नाही, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो नेमके काय जतन करावयाचे, याचा. बाह्यांग जसेच्या तसे ठेवून अंतर्भाग बदलावा, हा तोडगा अनेक जुन्या इमारतींना लागू पडतो. येथे मात्र दर्शनी भिंत हीच भारवाही भिंत आहे, आणि खोल्यांची मांडणी हाच वास्तूचा आशय आहे. बाहेर वर्तुळे कायम राहिली आणि आत पुन्हा लांब बोळ आला, तर वीट वाचेल. विचार वाचणार नाही. उलट, काही विटा बदलूनही ती मांडणी टिकली, तर कान यांच्या कृतीचा गाभा शाबूत राहील. कोणत्याही दुरुस्तीचे वा पुनर्बांधणीचे मूल्यमापन करताना हा भेद प्रथम ध्यानात घेणे अवश्य आहे.