बोअरच्या पाण्याचा खरा हिशोब पहिल्या पावसात

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ज्यांचं वावर आहे, त्यांनी हा मेसेज पेरणीआधी जरूर वाचावा.

रब्बीत हरभऱ्याला बोअरचं खारं पाणी दिलं, पीक बरं आलं, जमीनही भुसभुशीत दिसली. मग वाटतं, आपलं पाणी चालतं. पण त्या पाण्यातला सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. जमिनीत क्षार भरपूर असेपर्यंत कण एकत्र राहतात. पावसाचं गोडं पाणी क्षार धुऊन नेतं, सोडियम मात्र तिथंच राहतो. मग चिकणमाती सुटी होते, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो. वर पाणी साचलेलं, खाली ओल नाही, उगवण विरळ.

*घरीच पाहा:*
काचेच्या ग्लासात साठवलेलं पावसाचं पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळे खोटं उत्तर मिळेल. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. २ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर सोडियमचा त्रास समजा. ढेकूळ फुटलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर धोका कमी.

*ढग दिसला तर:*
१) माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासा. जळगाव जामोद किंवा बुलढाणा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. सामू, सोडियम आणि जिप्समची गरज, तिन्ही विचारा.
२) जिप्सम अंदाजाने टाकू नका. अहवालाप्रमाणे, पावसाआधी, वरच्या थरात मिसळा. त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो, पण सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत निघून गेला पाहिजे. निचऱ्याचे चर नसतील तर जिप्समचा पैसा वाया.
३) शेणखत द्या. एखादा तुकडा रिकामा ठेवता आला तर धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा.
४) तेच बोअरचं पाणी पुन्हा दिलं, तर सोडियम पुन्हा चढतो. शेततळं असेल तर त्यातलं पावसाचं पाणी हरभऱ्याच्या एका ओलितासाठी राखून ठेवा.

दुसऱ्या दिवशीच्या ग्लासचा फोटो गट नंबरसह ग्रुपवर टाका. पाहून पुढचं सांगतो.

– आपला कृषी सल्लागार