हेडफोन टाकून देण्यापूर्वी

हेडफोनमध्ये आवाज निर्माण करणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. चुंबक, तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे आणि पातळ पडदा एवढीच त्याची रचना. नीट वापरला तर तो अनेक वर्षे टिकतो. त्याच्या आधी खराब होतात त्या वायर, जॅक आणि कानांवरच्या गाद्या. हे भाग स्वस्त असतात आणि बहुतेक वेळा बदलताही येतात. एका कानाचा आवाज गेला म्हणून अख्खा हेडफोन फेकून देणे म्हणजे धडधाकट ड्रायव्हर वाया घालवणे.

बिघाड हेडफोनचाच आहे की फोनचा, हे आधी ठरवावे. त्यासाठी हेडफोन दुसऱ्या उपकरणाला लावून पाहावा. खिशातले धागे आणि धूळ फोनच्या जॅकच्या भोकात साचते, जॅक पूर्ण आत जात नाही आणि आवाज तुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हा कचरा अलगद काढता येतो.

त्यानंतर जुळणीचा प्रश्न. मोठा ६.३५ मिलिमीटरचा जॅक टेलिफोन एक्सचेंजच्या स्विचबोर्डवरून आला आणि आजही ॲम्प्लिफायरवर दिसतो. फोन आणि संगणकावर ३.५ मिलिमीटरचा असतो. साध्या अडॅप्टरने एकाचा दुसरा करता येतो. जॅकवर दोन रेघा असतील तर टोकाला डावा कान, मध्ये उजवा आणि तळाशी दोन्हींची सामाईक जोडणी म्हणजे ग्राउंड असतो. तीन रेघा असतील तर त्यात माइकची भर पडते. माइक आणि ग्राउंड यांच्या जागांच्या दोन पद्धती आहेत: सीटीआयए आणि जुनी ओएमटीपी. त्यांची गल्लत झाली की गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्ये पोकळ ऐकू येतात. वायरवरचे माइकचे बटण दाबून धरल्यावर गाणे पूर्ववत झाले, तर दोष जुळणीचाच समजावा. छोटा अडॅप्टर तो दूर करतो.

२०१६ मध्ये आयफोन ७ मधून जॅकची जागा गेली आणि पुढे अनेक कंपन्यांनी तेच केले. जॅक नसलेल्या फोनसाठी मिळणारे यूएसबी-सीचे सगळे अडॅप्टर सारखे नसतात. काहींमध्ये डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणारी चिप असते, तर काही नुसती वायर जोडतात. दुसऱ्या प्रकारचे अडॅप्टर प्रत्येक फोनवर चालत नाहीत, म्हणून चिप असलेलाच घ्यावा. हेडफोनचा रोध म्हणजे इम्पिडन्सही पाहावा. १६ ते ३२ ओमचे बहुतेक हेडफोन फोनवर चांगले चालतात. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओमचा हेडफोन मात्र फोनवर हळू वाजतो. तो बिघडलेला नसतो, त्याला ॲम्प्लिफायर लागतो.

गाद्यांवरचे कृत्रिम चामडे बहुधा पॉलियुरेथेनचे असते. घाम आणि दमट हवेने ते विघटित होऊन त्याच्या खपल्या निघतात, त्यामुळे मुंबई-कोकणात ते लवकर जाते. नवी गादी घेताना जुनीची लांबी-रुंदी मोजावी आणि ती बसते कशी हे पाहावे. काही गाद्या खटक्याने बसतात, तर काहींची कड ताणून खोबणीत सरकवावी लागते. गादी बदलली की आवाजही थोडा बदलतो. कानाभोवती फट राहिली तर बास निसटतो, जाड गादीने ड्रायव्हर कानापासून लांब जातो. शक्यतो मूळ गादीसारखीच जाडी आणि तसेच आवरण निवडावे.

वायर बहुधा जॅकच्या मुळाशी तुटते. तिथे हलवल्यावर आवाज येतो-जातो. वायर सुटी होणारी असेल तर नवी लावली की काम संपते. नसेल तर तुटक्या जागेच्या थोडे वर कापून नवा जॅक सोल्डर करावा लागतो. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे असे जॅक सुटे मिळतात. आतल्या बारीक तारांवर लाखेसारखा थर असतो. तो खरवडून किंवा सोल्डरच्या उष्णतेने जाळून काढल्याशिवाय सांधा धरत नाही. लाल तार बहुधा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची, तांब्याच्या किंवा सोनेरी रंगाची ग्राउंडची असते. तरी मल्टिमीटरने खात्री करावी. ३२ ओमच्या हेडफोनवर कानाची तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये साधारण तेवढाच आकडा दिसला, तर ड्रायव्हर शाबूत आहे. जॅकचे टोपण सोल्डर करण्याआधीच वायरमध्ये ओवून ठेवावे, नंतर ते आत जात नाही.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आधी दम तोडते ती बॅटरी. कानांवर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये ती जाणकाराकडून बदलून घेता येते. छोट्या इअरबड्सचे कवच चिकटवलेले असते, त्यामुळे ते काम अवघड होते. लिथियमच्या बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते, म्हणून ती घरी उकरू नये आणि ई-कचऱ्यातच द्यावी. नवा हेडफोन घेतानाच वायर सुटी होते का, गाद्या वेगळ्या मिळतात का आणि बॅटरी बदलता येते का, हे विचारून घेतले तर पुढची दुरुस्ती स्वस्तात होते.