गाऱ्हाणे हेही ज्ञापकत्वच : घरी दिल्या जाणाऱ्या परिचर्येतील तक्रारींविषयी

वाशीम जिल्ह्यात वैद्यकी करणाऱ्या आपणां सर्वांचा एक समान अनुभव आहे. पक्षाघात, संधिवात, कंपवात यांनी अंथरुणास खिळलेल्या वृद्ध रुग्णास रिसोड, मालेगाव वा मानोरा तालुक्यातील खेड्यातून चिकित्सालयात रोज आणणे कुटुंबास शक्य होत नाही. मुले पुण्या-मुंबईस नोकरीला असतात आणि सोयाबीनच्या सोंगणीत घरी उरलेली माणसेही दिवसभर शेतात असतात. त्यामुळे स्नेहन, स्वेदन, मात्राबस्ती हे उपक्रम परिचारकाकरवी रुग्णाच्या घरीच करण्याची प्रथा वाढली आहे. ही सोय स्वागतार्हच आहे. तथापि चिकित्सालयात जी चूक वैद्याच्या नजरेसमोर घडते, ती घरी त्याच्या पाठीमागे घडते. ती आपणांस कळावी कशी? बहुधा गाऱ्हाण्यानेच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी रिसोड तालुक्यातील एका खेड्यात सत्तरी ओलांडलेल्या पक्षाघाताच्या रुग्णास आम्ही घरी स्नेहन व पत्रपोटली स्वेद योजला. रुग्णास मधुमेह होता व बाधित पायाची स्पर्शसंवेदना मंदावली होती. चरकाचार्यांनी मधुमेही अस्वेद्यांत गणला आहे, हे आम्हांस ठाऊक होते. मृदु स्वेद चालेल, असे आम्ही मानले. सहाव्या दिवशी पायावर फोड आला.

ही गोष्ट आम्हांस रुग्णाने सांगितली नाही, परिचारकानेही नाही. तेलाची दुसरी बाटली घेण्यास आलेली सून औषध विक्रेत्यापाशी बोलली, ‘‘मामाजीच्या पायाले फोड आला, पण डॉक्टरसाहेबाले कसं सांगाव?’’ विक्रेत्याने तत्काळ दूरध्वनी केला. त्यावर आम्ही काय केले, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. ‘‘उष्णतेने येतो असा एखादा फोड, शतधौत घृत लावा,’’ एवढे सांगून आम्ही मोकळे झालो. चार दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा घोट्यापाशी जखम पिकली होती. रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागले. पाय वाचला, परंतु जखम भरण्यास दोन महिने लागले. रुग्णाचा मुलगा पुण्याहून आला तो वकिलाचा सल्ला घेऊनच. तो म्हणाला, ‘‘फोड आला म्हणून मी वकिलाकडे गेलो नाही. सांगूनही तुम्ही आला नाहीत, म्हणून गेलो.’’

शास्त्र काय सांगते?

चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. हे आपणांस मुखोद्गत असतात. रुग्णाच्या गुणांत मात्र निर्देशकारित्व, म्हणजे सांगितलेले ऐकणे, तेवढे आपण लक्षात ठेवतो. त्याच चार गुणांत अभीरुत्व आणि ज्ञापकत्वही आहेत. न भिता, आपणांस जे होते ते वैद्यास कळविणे हा रुग्णाचा गुण होय. मग जी सून भीत भीत का होईना फोडाविषयी बोलली, तिने रुग्णाचाच एक पाद सांभाळला. आम्ही मात्र तिच्या बोलण्यास तक्रार समजलो.

सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदी सांगताना त्यांचे मूळ चार ठिकाणी दाखविले आहे : परिचारक, औषध, वैद्य आणि रुग्ण. बस्तीच्या प्रकरणात तर नेत्राचे, बस्तिपुटकाचे व बस्ती देणाऱ्या हाताचेही दोष वेगवेगळे मोजले आहेत. आपल्या आचार्यांनी चुकांची अशी व्यवस्थित नोंद ठेवली असता आपण त्या झाकून का ठेवाव्यात?

या चार ठिकाणी आम्ही आमचे प्रकरण तपासले. परिचारकाने पोटली स्वतःच्या हातावर लावून पाहिली होती. परंतु त्याचा हात कष्टाने राठ झालेला. पोटली रुग्णाच्या निरोगी पायावर लावून पाहण्यास त्यास कोणी शिकविले नव्हते. औषधात दोष आढळला नाही. रुग्णास चटका जाणवलाच नाही. आणि वैद्य? आमच्या केसपेपरवर मधुमेहाची नोंद होती, परिचारकास दिलेल्या चिठ्ठीवर ती नव्हती. ‘मृदु’ हा शब्दही नव्हता. चौकशी परिचारकापासून सुरू झाली आणि आमच्यापाशी येऊन थांबली.

पुढे आम्ही ठरविलेली पद्धत

1) गाऱ्हाणे कोणाकडूनही येवो, ते सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारीख-वेळेसह वहीत लिहावे. ‘किरकोळ’ हा शेरा रुग्ण पाहण्यापूर्वी लिहू नये.

2) भाजणे, पडणे, रक्तस्राव, बस्तीनंतर तीव्र उदरशूल, श्वास वा शुद्धीतील बदल यांपैकी काही असल्यास उपक्रम तत्काळ थांबवावा. रुग्णास त्याच दिवशी पाहावे अथवा जवळच्या रुग्णालयात पाठवावे. इतर तक्रारींस दोन दिवसांत उत्तर द्यावे.

3) परिचारकाचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे, कुटुंबासमोर त्यास रागावू नये. भीतीपोटी तो पुढील चूक लपवील.

4) काय चुकले व काय बदलले, हे कुटुंबास घरी जाऊन सांगावे. चूक आपली असल्यास तसे म्हणावे.

5) परिचारकाच्या चिठ्ठीवर निदान, सहव्याधी, उपक्रमाची मात्रा व निषिद्ध गोष्टी मराठीत लिहाव्यात.

औषध विक्रेत्यांची भूमिका

बाटली घेण्यास येणारे माणूस वैद्यापाशी जे बोलत नाही ते विक्रेत्यापाशी बोलते. विक्रेत्याने तेथेच सल्ला देऊन विषय मिटवू नये, वैद्यास कळवावे. तेल वा घृत सुटे करून लेबल नसलेल्या बाटलीत देऊ नये. बिलावर बॅच क्रमांक लिहावा. अन्यथा दोष औषधाचा की वापराचा, हे पुढे ठरविताच येत नाही. औषधाचा दुष्परिणाम वाटल्यास आयुष मंत्रालयाच्या 2018 पासूनच्या औषध-सतर्कता कार्यक्रमात त्याची माहिती देता येते.

कायदा आणि त्यापलीकडे

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली व्ही. पी. शांता प्रकरणात शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. 2019 चा नवा कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाल्यावरही ही स्थिती कायम असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत रुग्ण स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाऊ शकतो. अशा वेळी त्या दिवशीची लेखी नोंद वैद्याच्या उपयोगी पडते. तथापि केवळ या भीतीने वही ठेवणे आम्हांस अपुरे वाटते.

घरच्या परिचर्येचा दर्जा देखरेखीने राखता येतो, याचे उदाहरण विदर्भातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचा त्यांचा अहवाल 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामात प्रशिक्षणाच्या जोडीला घरोघरच्या नोंदी होत्या आणि त्या तपासणारी नियमित देखरेखही होती. परिचारक घरी पाठवून वैद्याने तिकडे पाठ फिरविली, तर उरते ती नुसती मालिश.

त्या कुटुंबाने आयोगाकडे तक्रार केली नाही. आमच्याकडे पुन्हा उपचारही घेतले नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. आमच्या वहीतील पहिली नोंद मात्र त्या सुनेच्या वाक्याची आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयाच्या मालकांनी आपापल्या ठिकाणी अशी एक वही ठेवावी आणि तिच्यातील नोंदी नावे वगळून संघटनेच्या बैठकीत परस्परांस वाचून दाखवाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.