कॉलेजचा प्रकल्प, यंत्रमागाच्या दारात

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि कार्यानुभव आले आहेत. म्हणजे विद्यार्थ्यांनी एखाद्या कारखान्याचे, ग्रामपंचायतीचे किंवा संस्थेचे खरे काम हाती घ्यायचे. महाराष्ट्रात याची पायवाट आधीच होती. आयआयटी मुंबईचे 'सितारा' केंद्र पाणी, रस्ते, शेती असे ग्रामीण प्रश्न विद्यार्थ्यांकडून अभ्यासून घेत असे. पुढे 2016 साली राज्य सरकारने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू करून इतर महाविद्यालयांनाही त्यात ओढले.

भिवंडीत तर विषय शोधावे लागत नाहीत. यंत्रमाग, महामार्गालगतची गोदामे, कामवारी नदी. अडते ते आखणीत. समजा, मागवाला म्हणाला, ‘उत्पादन कमी येते.’ हा प्रकल्प नव्हे, ही तक्रार झाली. मुलांनी आधी कारखान्यात उभे राहून माग कशाने थांबतो हे टिपावे: ताण्याचा धागा तुटला, कांडी संपली, वीज गेली की कारागीर जेवायला गेला? प्रत्येक थांब्याची वेळ लिहिली की मोजता येईल असा प्रश्न हाती लागतो. रात्रपाळीही पाहावी, दिवसाची नोंद अर्धीच असते. (प्रश्न नेमका कळण्याआधी अॅप बनवायची घाई नको.)

मग मालकाशी लेखी ठरवावे: काय देणार, कधी, कोणती माहिती बाहेर जाणार नाही. कारागिरांनाही हेतू सांगावा, नाहीतर ते मुलांना मालकाचे हेर समजतील. अहवाल मालकाला आणि कारागिरांना समजेल अशा भाषेत, हिंदीतही द्या.