आतड्यातला कर्करोग काळजात कसा पोचतो?

गाजरगवत फुलावर येईपर्यंत बांधावर राहू दिले, तर पुढल्या पावसात ते कुठे कुठे उगवेल याचा नेम नसतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही तसेच आहे.

मोठे आतडे साधारण पाच फूट लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मांसाचा लहानसा कोंब येतो. पुष्कळ कोंब जन्मभर काही त्रास देत नाहीत. काहींचा मात्र कर्करोग होतो, आणि त्याला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. रोग अस्तरापुरता असतो तोवर धोका थोडा. पुढे त्याच्या पेशी एकमेकींना सोडतात, आतड्याची भिंत पोखरतात आणि बारीक रसवाहिन्यांत व रक्तवाहिन्यांत शिरतात. रसवाहिन्यांतून त्या जवळच्या रसग्रंथींत जातात. जांघेत अवधाण येते ना, तसल्याच या गाठी, पण पोटातल्या.

रक्तात शिरलेल्या पेशी कुठे जातात? त्यासाठी पाट कुठून कुठे वाहतो ते पाहा. आतड्यातले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. अन्नरस घेऊन ते एका मोठ्या शिरेने आधी यकृतात, म्हणजे काळजात, गाळले जाते. म्हणून या रोगाच्या नव्या गाठी सर्वांत जास्त तिथेच सापडतात. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातले रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे व तिथून फुप्फुसात जाते. तिथला रोग त्यामुळे सरळ फुप्फुसातही पोचू शकतो.

पण वाहत गेलेले प्रत्येक बी रुजत नाही. इंग्लंडमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या. यकृतात गाठी पुष्कळ, प्लीहेत फारच थोड्या! रक्त तर दोन्हीकडे जाते. त्यांनी दाखला दिला तो बी आणि जमिनीचा. तुम्हाआम्हाला तो समजावून सांगायला नको. वाटेतच बहुतेक पेशी मरतात. ज्यांना जमीन मानवते त्या नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात आणि वाढतात. मात्र काळजात वाढलेली ही गाठ आतड्याच्याच कर्करोगाची असते, आणि औषधेही त्याच रोगाची द्यावी लागतात.

शौचाला रक्त पडले की आपल्याकडे घरोघर एकच निदान: मोड आलेत! मग मलम, नाहीतर मोड पाडणारा. बायामाणसे तर बोलतच नाहीत. यात महिने जातात. रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा अंगातले रक्त कमी झाले असेल, तर डॉक्टरांना गुदद्वारात बोट घालून तपासायला सांगा. मिनिटाचे काम आहे. गुदाशयातली खालची गाठ बोटाला लागते. वरची दुर्बिणीतून दिसते, आणि नुसता कोंब असेल तर बहुधा दुर्बिणीतूनच काढता येतो.

काळजात गाठी गेल्या म्हणजे सारे संपले, असेही नाही. गाठी थोड्या असतील तर तेवढा भाग कापून काढतात, आणि उरलेले निरोगी काळीज पुन्हा वाढते. असे काही रोगी पुरते बरेही झाले आहेत.