टॉवर मुका झाला तर?

परवा वादळात रात्रभर लाइट गेली, सकाळी नेटवर्कही. मलकापूरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात, पण खिशात दहाची नोट नाही! भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ने बाबा, उद्या दे."

मुंबईही यातून सुटली नाही: 12 ऑक्टोबर 2020 ला वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

उलट, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. या रेडिओला मोबाइल टॉवर लागत नाही. लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात. संच बॅटरीवरही चालतो. 12 वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देऊन परवाना मिळतो.

तोवर घरात एवढं ठेवाच: सेलवरचा रेडिओ, टॉर्च, सुटे पैसे आणि वहीत लिहिलेले पाच नंबर.

तुम्हाला किती नंबर पाठ आहेत?