महामंदीनंतरची अमेरिका: झळ कुणी सोसायची?

महामंदी म्हटले की न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची १९२९ च्या ऑक्टोबरमधली पडझड आठवते. पण त्या काळी बहुसंख्य अमेरिकी कुटुंबांकडे एकही शेअर नव्हता. त्यांच्या घरात मंदी शिरली ती बुडालेल्या बँकेतून, गेलेल्या नोकरीतून आणि घरावर-शेतावर काढलेल्या कर्जातून. १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या, कारखान्यांचे उत्पादन जवळपास निम्म्यावर आले आणि १९३३ साली दर चार कामगारांमागे एक बेकार होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या सुधारणा-कार्यक्रमाने ही मंदी संपवली की नाही, यावर अर्थतज्ज्ञ आजही भांडतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. स्वतःची काही चूक नसताना माणसावर आर्थिक संकट कोसळले, तर त्याची झळ कुणी सोसायची? ज्याची त्याने, हे १९२९ पर्यंतचे उत्तर मंदीने पुसून टाकले, आणि तिचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच आहे.

जुनी व्यवस्था निष्ठुर होती, पण चांगल्या दिवसांत ते जाणवत नसे. वॉशिंग्टनच्या सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध यायचा तो बहुधा पोस्टापुरता. अडल्यानडल्याला नातेवाईक, चर्च, नाहीतर गावचे अनाथालय-भिक्षागृह. घरकर्ज साधारण तीन ते पाच वर्षांचे, तेही घराच्या निम्म्या किमतीइतके. मुदतभर व्याज भरायचे आणि शेवटी मुद्दल एकरकमी फेडायचे. इतकी रक्कम कुणाकडेच नसे, म्हणून दर खेपेला कर्जाचे नूतनीकरण होई. मंदीत ठेवीदार पैसे काढायला धावले, तेव्हा अडचणीत आलेल्या बँकांनी नूतनीकरण नाकारले. घरे जप्त होऊन पडत्या भावात विकली गेली, त्यामुळे शेजारच्या घराचीही किंमत घटली आणि दुसऱ्या बँकेचे तारण कवडीमोल झाले. यात प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणानेच वागत होता. बँक डळमळते आहे असे ऐकल्यावर आपले पैसे काढून घेणे यात गैर काय? पण सगळ्यांनी एकाच दिवशी तसे केले की धडधाकट बँकही बुडते. ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ हे तत्त्व नेमके इथे तोकडे पडले.

आयोवा, नेब्रास्कासारख्या शेतीप्रधान राज्यांत लोकांनी यावर आपापला तोडगा काढला. कर्ज थकलेल्या शेतकऱ्याच्या गुराढोरांचा आणि अवजारांचा लिलाव पुकारला की आजूबाजूचे शेतकरी घोळक्याने जमत. गाईला काही सेंट, नांगराला काही सेंट, अशा बोली लागत. बाहेरच्या कुणी चढी बोली लावू नये म्हणून कोठाराच्या तुळईला फास लटकवल्याचेही दाखले आहेत. सगळा माल चार-पाच डॉलरांत घेऊन तो जागच्या जागी मूळ मालकाला परत दिला जाई. ही माणसे क्रांतिकारक नव्हती. बहुतेक स्वतः जमिनीची मालक, कायदा पाळणारी. त्यांनीच कराराचे पावित्र्य झुगारले, तेव्हा मिनेसोटाच्या विधिमंडळाने १९३३ मध्ये जप्त्या पुढे ढकलण्याचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो उचलून धरला.

मग रूझवेल्ट यांच्याआधीचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर हातावर हात धरून बसले होते का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी सरकारी बांधकामे वाढवली, उद्योगपतींना मजुरी न घटवण्याची गळ घातली आणि १९३२ मध्ये बँका व रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारे सरकारी महामंडळ काढले. पण केंद्राने थेट माणसाच्या हातावर मदत ठेवली तर त्याचा स्वाभिमान जाईल, हे काम धर्मादाय संस्थांचे आणि स्थानिक सरकारांचे, हा त्यांचा ठाम विश्वास होता. आणि नेमक्या त्या संस्था आणि ती शहरेच तोवर कफल्लक झाली होती.

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी शपथ घेतली, तेव्हा बहुतेक राज्यांत बँका एकतर बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर बंधने होती. त्यांनी देशभरातल्या बँका बंद ठेवून तपासणी सुरू केली आणि १२ मार्चच्या रविवारी रेडिओवरून बँकेचा व्यवहार कसा चालतो ते साध्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवशी बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे परत भरायला रांगेत उभे होते. पण खरा बदल जूनमध्ये झाला. स्वतः रूझवेल्ट ठेवींच्या विम्याला अनुकूल नव्हते. अलाबामाचे प्रतिनिधी हेन्री स्टीगल यांच्यासारख्यांच्या आग्रहाने तो कायद्यात आला. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. १९३३ मध्ये सुमारे ४,००० बँका बंद पडल्या होत्या; १९३४ मध्ये विमा असलेल्या बँकांपैकी बुडाल्या फक्त नऊ. पैसे सुरक्षित आहेत ही खात्री असली की कुणी धावत नाही, आणि कुणी धावले नाही की विम्याचे पैसेही फारसे द्यावे लागत नाहीत.

हेच सूत्र पुढे इतरत्र लागू झाले. घरकर्जांसाठी काढलेल्या वेगळ्या सरकारी महामंडळाने सुमारे दहा लाख घरकर्जे आपल्याकडे घेऊन ती दीर्घ मुदतीच्या मासिक हप्त्यांत बसवली. आजच्या गृहकर्जाची घडण तिथून रुळली. १४ ऑगस्ट १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने वार्धक्य आणि बेकारी यांची झळ वाटून घेतली. त्यामागे मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स होत्या, अमेरिकी मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. निवृत्तिवेतनासाठी पगारातून वर्गणी कापण्यामागे रूझवेल्ट यांचा धूर्त हिशेब होता: ज्याने स्वतःचे पैसे भरले आहेत, त्याचा हक्क कुणी राजकारणी हिरावून घेऊ शकणार नाही. जानेवारी १९४० मध्ये व्हर्मांटमधल्या एका निवृत्त महिलेला पहिला मासिक धनादेश मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. रक्कम लहान, पण ती दान म्हणून आलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा, की मंदी संपवली ती महायुद्धाने. ते बरेचसे खरे आहे. १९३७ मध्ये सरकारने खर्चाला कात्री लावताच अर्थव्यवस्था पुन्हा गडगडली, आणि १९४० मध्येही बेकारी १४ टक्क्यांच्या वर होती. पण आगीचा बंब आणि आगप्रतिबंधक भिंत यांचे मोजमाप वेगवेगळे करावे लागते, आणि ठेव विमा किंवा निवृत्तिवेतन या भिंती होत्या. दुसरा आक्षेप सरकारच्या वाढत्या सत्तेचा. तोही पोकळ नव्हता: १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्योगांवरील नियंत्रणाचा कायदा एकमताने रद्द केला, आणि १९३७ मध्ये न्यायमूर्तींची संख्या वाढवून न्यायालय वाकवण्याचा रूझवेल्ट यांचा डाव त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या सिनेटने हाणून पाडला. म्हणजे सत्तेला लगाम शिल्लक होता. शिवाय १९५० च्या दशकात विरोधी रिपब्लिकन पक्षाचे आयझेनहॉवर सत्तेवर आले, तेव्हा त्यांनी सोशल सिक्युरिटी मोडली नाही, तिची व्याप्ती वाढवली.

सर्वांत कठीण आक्षेप वगळलेल्यांचा आहे. १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले गेले; दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार नेमके याच कामांत होते. शेतमालाचे भाव सावरण्यासाठी जमीन पडीक ठेवण्याचे पैसे मालकांना मिळाले आणि वाट्याने कसणारी कुळे रस्त्यावर आली. घरकर्ज महामंडळाच्या नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या ‘धोकादायक’ म्हणून लाल रंगात दाखवल्या गेल्या. झळ वाटून घेण्याची कल्पना यामुळे चुकीची ठरत नाही; उलट त्या वाटणीबाहेर राहणे किती महाग पडते, तेच यातून दिसते.

भारताने हा धडा १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर घेतला. १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेव विमा आला आणि आज त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. मर्यादेपलीकडे मात्र जुनी भीती अजून जिवंत आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ९० टक्क्यांहून अधिक ठेवी विम्याच्या कक्षेबाहेर होत्या आणि एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. रांगेची जागा मोबाइलने घेतली होती, एवढाच १९३३ शी फरक. त्यामुळे सरकार लहान हवे की मोठे, या नेहमीच्या वादापेक्षा कोणती संकटे एकट्याच्या शहाणपणाने टळत नाहीत आणि त्यांच्या वाटणीत कोण बाहेर राहिले आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे. पुढच्या मंदीत पहिला फटका कुणाला बसणार, हे त्या उत्तरातच लिहिलेले असते.